महिला विशेषांकात ड्रोनचा पेपर दिला: पाचपैकी साडेतीन तारे

आमंत्रणाच्या मेलची सुरुवात होती, ‘रिस्पेक्टेड सर’. खाली तीन परिच्छेद: ड्रोन आणि रिमोट सेन्सिंगमध्ये (जमिनीची वरून, दुरून पाहणी) महिलांचं संशोधन पुढे यावं, पेपरवर पहिलं नाव बाईचं असावं, म्हणून आम्ही खास अंक काढत आहोत, आपण अवश्य लिहावं. मी तो मेल स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवला. मराठीच्या मॅडम डब्यातून मान वर न करता म्हणाल्या, “मग सरांनाच पाठव की, त्यांचं पत्र तुझ्याकडे आलंय.” अर्धा तारा तिथेच गेला.

जर्नलचं नाव देत नाही. परदेशी आहे, ओपन ॲक्सेस आहे, म्हणजे वाचणाऱ्याला फुकट आणि लिहिणाऱ्याला भुर्दंड. असे महिला विशेषांक आता बरीच जर्नल्स काढतात आणि माझ्यासारख्या तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या बायकांना ही आमंत्रणं हमखास येतात. द्यावा का पेपर, पैसे वसूल होतात का, की ही नुसती आठ मार्चची साडी-सवलत आहे, असं मला तिघीचौघींनी विचारलं. प्रत्येकीला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी पेपर कशाचा ते. मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. आमच्याकडे सडा आहे, जांभ्याचं उघडं पठार. मे महिन्यात तिथे चप्पल घालूनही पाय भाजतात आणि जुलैत त्याच कातळावर वीतभर खोलीची शेकडो डबकी साठतात, त्यांच्या कडेने गेंद, सीतेची आसवं असली चिमुकली फुलं उगवतात. कुठलं डबकं किती दिवस टिकतं आणि त्याच्या कडेला काय उगवतं, याचा नकाशा मला हवा होता. उपग्रहाचा उपयोग नाही. सेंटिनेल-२ चा एक पिक्सेल १० मीटरचा, त्यात माझी पाच डबकी एकाच ठिपक्यात बुडतात. शिवाय पावसाळ्यात वर ढग, म्हणजे तो ठिपकाही पांढरा. ढगांतून पाहायचं तर रडार लागतं. भारताने स्वतः बांधलेला पहिला रडार उपग्रह रिसॅट-१, तो २६ एप्रिल २०१२ ला श्रीहरिकोट्याहून गेला आणि त्याच्या प्रकल्प संचालक होत्या एन. वलरमती. हे नाव मी वर्गात विचारते. इस्रो म्हटल्यावर मुलं चांद्रयानापासून सगळं सांगतात, रिसॅटला वर्ग गप्प.

तर ड्रोन. चाळीस मीटर उंचीवरून एक पिक्सेल साधारण सव्वा सेंटिमीटरचा पडतो. फोटो जोडून नकाशा करायचा तर पुढचामागचा फोटो ऐंशी टक्के एकमेकांवर यायला हवा, शेजारच्या ओळी सत्तर टक्के. एवढं करून चार हेक्टर सड्याचे ४१२ फोटो झाले. बॅटरीच्या खोक्यावर लिहिलेल्या मिनिटांवर विश्वास ठेवू नका, सड्यावरच्या वाऱ्यात माझा ड्रोन अठरा मिनिटांत रडायला लागतो. दोनदा घार मागे लागली. उडवते मी स्वतः. रिमोट पायलटचं प्रमाणपत्र आहे माझ्याकडे, पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन काढलेलं, दहा वर्षं चालतं. आमच्या तुकडीत चौदा जण होते, त्यांत बायका दोन. दुसरी बचत गटातली, आंब्यावर फवारणी करायला शिकायला आली होती आणि वाऱ्यात ड्रोन स्थिर ठेवायचा तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता.

आता जमिनीवरच्या खुणा, कारण पुढची सगळी गंमत त्यांचीच आहे. नकाशा जागेवर नेमका बसावा म्हणून सड्यावर ठरावीक ठिकाणी ठळक खुणा ठेवायच्या आणि त्यांचे अक्षांश-रेखांश भारी जीपीएसने मोजायचे. आधी चुन्याने फुल्या मारल्या, त्या पहिल्याच सरीत वाहून गेल्या. मग वाढदिवसाचा एक जुना फ्लेक्स मिळवला, त्याचे दोन दोन फुटांचे चौकोन कापले, मागच्या कोऱ्या बाजूला काळ्या रंगाने चौकटी रंगवल्या आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. नऊ खुणा झाल्या. सात नंबरची वाऱ्याने उलटली हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. नकाशा तयार झाल्यावर सड्याच्या ईशान्य कोपऱ्यात, सीतेच्या आसवांच्या बाजूला, ‘हार्दिक’ असं स्वच्छ वाचता येत होतं.

हे फोटो जोडायला मी वेबओडीएम वापरलं, फुकट आहे आणि उत्तम आहे. माझ्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपने दोनदा जीव सोडला, तो दोष लॅपटॉपचा. शेवटी कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर रात्रभर लावून ठेवलं आणि शिपाईकाकांना सांगितलं की लाइट गेली तर मला फोन करा, इन्व्हर्टरला हात लावू नका.

आता सेवेकडे येते.

विशेषांकाचा नियम असा: पहिली लेखिका आणि करस्पाँडिंग लेखिका, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारी, दोन्ही बाई हवी. बाकी सहलेखक कोणीही चालतील. वाचायला साधं वाटतं. पण ज्यांनी कॉलेजात नोकरी केली आहे त्यांना यातली मेख कळेल. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पेपरवर दोनापेक्षा जास्त नावं असली की पहिल्या किंवा करस्पाँडिंग लेखकाला ७० टक्के गुण आणि उरलेल्या प्रत्येकाला ३० टक्के. बढतीच्या फाइलमध्ये हे गुण मोजले जातात. म्हणजे नावांचा क्रम हा मानाचा प्रश्न नंतर, आधी तो पगाराचा आहे. आमच्या चमूत आम्ही चौघं. मी, माझी एक विद्यार्थिनी, एक वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक आणि आमचे सर, ज्यांच्या नावावर ड्रोनचा निधी मंजूर झाला होता. याआधीच्या चार पेपरांत पहिलं नाव सरांचं. उड्डाण माझं, नकाशे माझे, मसुदा माझा. भांडण कधीच झालं नाही, कारण विषयच कधी निघाला नाही. ‘सर आहेत’ एवढं कारण पुरत होतं.

यावेळी मी नियमाचा कागद प्रिंट काढून सरांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला. म्हणाले, “बरं, पहिलं तुमचं टाका. करस्पाँडिंग मी राहतो.” मी बोट खालच्या ओळीवर नेलं. त्यांनी तीही वाचली. मग म्हणाले, “हे लोक फारच काटेकोर दिसतात हो.” आणि सही केली. सर वाईट नाहीत. त्यांना वाटत होतं तेच नैसर्गिक आहे आणि खरं सांगायचं तर चार पेपर मलाही तेच वाटत होतं. जे मी सहा वर्षांत तोंडाने मागू शकले नाही, ते एका छापील वाक्याने दहा मिनिटांत झालं. या सेवेला मी जे तारे देते आहे, त्यातले दोन या एका वाक्याचे.

दुसरा प्रश्न माझ्या स्वतःच्या नावाचा. फॉर्मवर तीन रकाने: नाव, मधलं नाव, आडनाव. लग्नाआधीच्या माझ्या दोन पेपरांवर मधलं अक्षर बाबांचं आहे आणि आडनाव माहेरचं. नंतरच्या चारांवर मधलं अक्षर आमच्या ह्यांचं. ह्यांची नोकरी बँकेत, ड्रोन त्यांनी आजवर फक्त गाडीच्या डिकीत ठेवलाय, पण चार शोधनिबंधांवर त्यांचं आद्याक्षर दिमाखात आहे. ते म्हणतात, “मला किती टक्के?” इंटरनेटवर शोधलं तर मी दोन वेगळ्या बायका निघते, दोघींचं काम अर्धं अर्धं. जर्नलच्या ऑफिसमधल्या मुलीने (मेलवरून मुलगी वाटली, असो) समजावून सांगितलं की मधलं नाव भरायची सक्ती नाही आणि ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढा. सोळा आकडी असतो, फुकट मिळतो, नाव कितीही वेळा बदललं तरी आकडा बदलत नाही. जुने सहाही पेपर त्याला जोडून घेतले. ज्या पोरी आत्ता पहिला पेपर लिहितायत त्यांनी हे लग्नाच्या आधी करा.

पेपर पाठवला आणि तेविसाव्या दिवशी उत्तर आलं. आमच्या विद्यापीठात एवढ्या दिवसांत आवक-जावक नंबर पडत नाही. दोन रिव्ह्यूअर होते, शिवाय पाहुण्या संपादक तिघी बायका, त्यांतल्या एकीने स्वतः वाचून पानभर लिहिलेलं. त्या पानासाठी मी या अंकाची आभारी आहे. तिने विचारलं होतं: तुमच्या नऊच्या नऊ खुणा नकाशा बसवायला वापरल्या आणि चूक मोजायलाही त्याच नऊ. मग चूक कमी येणार नाही तर काय? ज्या खुणांना धरून नकाशा ताणला, त्यांनाच विचारायचं नकाशा बरोबर आहे का, म्हणजे पेपर काढणाऱ्यानेच परीक्षेला बसण्यासारखं. पाच खुणा बसवायला ठेवा, चार बाजूला काढा, त्या चारांवर चूक मोजा. मी तसं केलं. दोन सेंटिमीटरची चूक सहा झाली. कान लाल झाले माझे. गेल्या चार पेपरांत आम्ही हेच करत होतो आणि कोणी हटकलं नव्हतं. आता सहा छापलंय, ते खरं आहे.

रिव्ह्यूअर नंबर दोनची गोष्ट वेगळी. त्याने लिहिलं, ‘उड्डाण प्रशिक्षित पायलटने केलेलं दिसतं, त्याचं नाव आणि पात्रता नमूद करावी.’ इंग्रजीत ‘त्याचं’ म्हणजे पुरुषाचंच. महिला विशेषांक, पहिली लेखिका बाई, तरी ड्रोन उडवणारा मात्र तो. मी उत्तरात प्रमाणपत्राचा तपशील दिला आणि ‘पायलट ही या पेपरची पहिली लेखिका आहे’ असं एकच वाक्य लिहिलं. त्यानेच पुढे विचारलं होतं की ईशान्य कोपऱ्यात जमिनीवर जी लिपी दिसते ती पुरातत्त्वीय आहे का. कोकणातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत हे त्याने कुठेतरी वाचलं असावं. त्याचंही उत्तर द्यावं लागलं. ‘वाढदिवसाचा फलक’ हे शास्त्रीय इंग्रजीत लिहून बघा.

दुरुस्तीला मुदत दहा दिवस. दहा दिवस म्हणजे कधी? सप्टेंबर २०२४, सात तारखेला गणपती. कोकणात या दिवसांत कोणी पेपर दुरुस्त करत नाही, कोकणात या दिवसांत कोणी काहीच करत नाही, मोदक सोडून. घरात सोळा माणसं, गौरी यायच्या, भजनं रात्री दोनपर्यंत. मी मुदतवाढ मागितली, कारण काय लिहावं ते सुचेना म्हणून खरं तेच लिहिलं: घरी सण आहे, स्वयंपाक माझ्याकडे आहे. पाच दिवस वाढवून मिळाले, एका ओळीत, कारण न विचारता. महिला विशेषांकाचा खरा उपयोग कुठे होत असेल तर अशा ओळींत. चार खुणांचं गणित मी गौरींच्या ओवशाच्या आदल्या रात्री, ओट्याजवळच्या स्टुलावर लॅपटॉप ठेवून केलं. कीबोर्डच्या खाचेत अजून नारळाचा कीस आहे.

आता वाईट भाग, म्हणजे फी. वीस टक्के महिला सवलत जाऊन एक लाख चौदा हजार रुपये. आकडा पुन्हा वाचा. कॉलेजने वर पाहिलं. संशोधन निधीतून चाळीस हजार मिळाले, तेही बिल आधी भरून मग. बाकीचे मी भिशी उचलून भरले. माझा नंबर जानेवारीत होता, शेजारच्या वहिनींनी ऑक्टोबरचा बदलून दिला. त्यांना अजून वाटतं मी फ्रीज घेतला. जी बाई विनाअनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते तिने हे पैसे कुठून आणायचे? बाईचं नाव पहिलं आलं पाहिजे म्हणता, मग बिलही पहिल्या नावावर येतं ते कोणी भरायचं? एक पूर्ण तारा इथे गेला.

फुकटात छापणारी चांगली जागा नाही असं नाही. इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंगचं जर्नल, जे एके काळी ‘फोटोनिर्वाचक’ या झकास नावाने निघायचं, तिथे ओपन ॲक्सेस न मागता पेपर दिला तर लेखकाला पैसे पडत नाहीत. वेळ लागतो, पण थांबायची तयारी असेल तर आधी तिकडे जा. आणि बायकांची सोबतच हवी असेल तर केट फिकसने २०१८ मध्ये सुरू केलेली, लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालेच्या नावाची ‘लेडीज ऑफ लँडसॅट’ ही मंडळी आहे, तिथली माणसं एकमेकींचे पेपर वाचतात, पुढे करतात. त्याला भिशी उचलावी लागत नाही.

पेपर छापून आला, अंकाचं मुखपृष्ठ गुलाबी. ड्रोनच्या पंखावर फूल. त्यांना कुठल्या बाईचं चित्र टाकायचं सुचत नव्हतं तर मी सुचवलं असतं. ‘रिमोट सेन्सिंग’ हा शब्दच मुळी एव्हलिन प्रुइट या बाईने रुजवला, अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयातली भूगोलतज्ज्ञ. विमानातून फोटो काढणे या जुन्या शब्दात नवी यंत्रं मावेनात म्हणून. किंवा व्हर्जिनिया नॉरवूड. २३ जुलै १९७२ ला पहिला लँडसॅट वर गेला तेव्हा त्यावर दोन यंत्रं होती. मुख्य मान टीव्हीसारख्या कॅमेऱ्यांना. नॉरवूडने बनवलेला स्कॅनर सोबतीला, बघू जमतंय का म्हणून. थोड्याच दिवसांत कॅमेऱ्यांत विजेचा बिघाड होऊन ते बंद करावे लागले, आणि स्कॅनरची चित्रं अशी निघाली की पुढचे लँडसॅट त्याच्याच वाटेने गेले. दुसरं नाव पहिलं झालं. त्या स्कॅनरचा पिक्सेल ऐंशी मीटरच्या आसपासचा, आणि आज माझ्या नकाशात ‘हार्दिक’चा रफार दिसतो. नॉरवूड २०२३ मध्ये गेल्या. गुलाबी फुलापेक्षा त्यांचा फोटो बरा दिसला असता.

आठ मार्चला जर्नलकडून शुभेच्छांचा मेल आला. सोबत इंग्रजी सुधारून घेण्याच्या सेवेवर दहा टक्क्यांचं कूपन. निदान सुरुवात ‘डिअर मॅडम’ होती.

एक गोष्ट राहिली आणि ती जर्नलच्या खात्यावर टाकता येत नाही, माझ्याच खात्यावर आहे. सड्यावर आमच्याबरोबर एक मावशी असायच्या, म्हशी चारणाऱ्या. कुठलं डबकं दसऱ्यापर्यंत टिकतं, कुठलं पंधरा दिवसांत आटतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बोट दाखवून सांगितलं होतं. आम्ही पुढे तीन महिने ४१२ फोटोंच्या पाच फेऱ्या करून जे सिद्ध केलं ते बहुतेक तेच. त्या लेखिका का नाहीत? नियम असा की लेखक म्हणवायचं तर मसुद्यात हात हवा आणि शेवटच्या मजकुराला संमती हवी. मावशींना तो मजकूर वाचता येत नाही, आणि मी त्यांना मालवणीत वाचून दाखवून संमती घ्यायचा खटाटोप केला नाही. सोपं होतं तेच केलं, आभारात नाव घातलं. सर माझ्या बाबतीत करत होते तेच, फक्त मी एक पायरी वर होते. जर्नलकडून त्यावरही शंका आली: ‘कृपया या व्यक्तीचं पूर्ण नाव आणि संस्था कळवावी.’ संस्थेच्या जागी मी वाडीचं नाव लिहिलं. छापलं त्यांनी तसंच.

नकाशाची मोठी प्रिंट काढून मावशींना दाखवायला नेली. त्यांनी सड्याच्या सगळ्या खाचा ओळखल्या, डबकी बोटाने मोजली, दोन चुकाही काढल्या. मग विचारलं, “आनि माजी म्हस खंय हा?” फोटो जोडताना हलणाऱ्या गोष्टींची गडबड होते, म्हैस एका फोटोत इथे असते आणि पुढच्यात तिथे. शोधली तर एक अख्खी सापडली डबक्याच्या कडेला, आणि तीच पुन्हा वीस पावलांवर, पण पोटापासून पुढे नाही.

मावशी बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “अर्दी खंय गेली?”